नागपूरचा हिस्लॉपी: एका नावाची कागदपत्रे

लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीचे 1859 सालचे इतिवृत्त चाळताना 231व्या पानावर अचानक नागपूर भेटते. निबंध विल्यम बेअर्ड यांचा. पाने अवघी चार. रेव्हरंड एस. हिस्लॉप यांनी नागपूरहून जमवलेल्या काही नव्या, सध्या हयात असलेल्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांचे हे वर्णन आहे, असे शीर्षकच सांगते. त्या प्राण्यांपैकी एकाला बेअर्डनी ‘एस्थेरिया हिस्लॉपी’ हे नाव दिले. ज्वारीच्या दाण्याएवढा जीव, दोन गोलसर शिंपांत मिटलेला, गोड्या पाण्याच्या डबक्यात आणि तळ्यात राहणारा. शास्त्रज्ञ या गटाला क्लॅम श्रिम्प म्हणतात. शिंपल्यासारखा दिसला, तरी हा शिंपला नव्हे. शिंपा उघडल्या की आत कोळंबीच्या दूरच्या नात्यातले, झालरीसारख्या पायांच्या कितीतरी जोड्या असलेले शरीर असते.

पुढची दीडशे वर्षे या नावाने फार मोठा प्रवास केला. ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा उष्ण प्रदेशांत जिथे जिथे असा गोल कवचाचा जीव सापडला, तिथे तिथे त्याला नागपूरचे नाव मिळाले. 2013 साली जनुकांची तपासणी झाली आणि या एका नावाखाली अनेक प्रजाती वावरत असल्याचे दिसून आले. हे कसे घडले, कोणत्या कागदाने काय सांगितले आणि कोणत्या कागदावर आपण गरजेपेक्षा जास्त भार टाकला, याची मांडणी उपलब्ध निबंधांवरून नीट करता येते. ती मराठीत व्हावी असे मला फार वाटते, कारण या गोष्टीचे मूळ आपल्या मातीत, विदर्भात आहे.

सुरुवात संग्राहकापासून करू. स्टीफन हिस्लॉप 1817 साली स्कॉटलंडमध्ये जन्मले. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून ते 1844च्या अखेरीस मुंबईला उतरले आणि पुढच्या वर्षी नागपुरात दाखल झाले. तेव्हा नागपूर भोसल्यांचे होते. तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर राज्य खालसा झाले, ते हिस्लॉप यांच्या डोळ्यांदेखत. धर्मप्रसार आणि शाळा हे त्यांचे नेमून दिलेले काम. आज नागपुरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, त्यामुळे नाव तरी सर्वांना परिचित आहे. परंतु हा माणूस पायाखालचा दगड आणि ओढ्यातले पाणी या दोहोंकडे सारख्याच कुतूहलाने पाहत असे, हे नागपूरकरांनाही फारसे ठाऊक नसते. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूस्तरांवरचा आणि जीवाश्मांवरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात 1855 साली प्रसिद्ध झाला. मध्य भारताच्या भूविज्ञानातला तो पायाचा दस्त आहे. त्याच वर्षी रिचर्ड ओवेन यांनी नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली इथल्या वालुकाश्मातल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने वर्णन केले.

मांगलीच्या दगडात आणखी काही होते. तिथल्या थरांत छोट्या शिंपांचे ठसे सापडले. टी. रूपर्ट जोन्स यांनी 1862 साली जीवाश्म एस्थेरियांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, त्यात मांगलीच्या ठशांना ‘एस्थेरिया मांगलिएन्सिस’ हे नाव मिळाले. नागपूरलगतच्या टाकळी इथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गोड्या पाण्यातल्या गाळाचाही हिस्लॉप यांनी बारकाईने अभ्यास केला होता. त्या गाळात गोगलगायींचे शंख आणि सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या शिंपा होत्या. त्यांचा या थरांवरचा मोठा निबंध 1860 साली आला आणि त्याच खंडात त्याला लागून जोन्स यांचे नागपूरच्या जीवाश्म सायप्रिसांवरचे, म्हणजे याच सूक्ष्म कवचधारींवरचे, टिपण छापले गेले.

या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट उलगडते. 1855 ते 1862 या काळात नागपूरहून लंडनला दगडातल्या शिंपाही जात होत्या आणि तळ्यातल्या ताज्या शिंपाही. बेअर्डच्या शीर्षकात ‘हयात’ हे विशेषण मुद्दाम घातलेले आहे. समोर जीवाश्मांचा ढीग नसता तर जिवंत प्राण्याला हयात म्हणायची गरज बहुधा पडली नसती. म्हणून माझे अनुमान असे, की दगडातल्या शिंपांचा अर्थ लावण्यासाठीच हिस्लॉप आसपासच्या पाण्यातले त्यांचे वंशज शोधत होते. हे अनुमान आहे, पण कागदपत्रांच्या क्रमाशी जुळणारे आहे. प्राचीन गाळ गोड्या पाण्यात साचला की खाऱ्या, हा त्या काळच्या भूविज्ञानातला मोठा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर आजच्या तळ्यात काय राहते ते पाहूनच देता येत होते.

हिस्लॉप यांचा शेवट हळहळ लावणारा आहे. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. वय पुरते सेहेचाळीसही नव्हते. त्यांच्या मागे राहिलेली गोंड आणि अन्य आदिवासींविषयीची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली संपादित करून छापली. दगड, माणसे, भाषा, पाण्यातले जीव असे सगळे एकाच वहीत नोंदवणारा हा संग्राहक आणखी वीस वर्षे जगता, तर विदर्भाच्या निसर्गाचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता असे मी ठामपणे म्हणेन.

आता बेअर्डच्या टेबलाकडे वळू. विल्यम बेअर्ड स्कॉटिश डॉक्टर. तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर शल्यचिकित्सक म्हणून त्यांनी पूर्वेच्या फेऱ्या केल्या आणि 1841पासून ते ब्रिटिश म्युझियमच्या प्राणिविभागात होते. या गटावरचा पहिला सुसंगत प्रबंध त्यांनी 1849 साली लिहिला होता आणि ब्रिटनमधल्या सूक्ष्म कवचधारींवरचा त्यांचा ग्रंथ 1850 साली रे सोसायटीने काढला. म्हणजे नागपूरचा माल योग्य हाती पडला होता. पण तेव्हाची पद्धत पाहिली पाहिजे. नमुने लंडनला पोचेपर्यंत मेलेले असत. वर्णनाचा भर कवचावर असे: गोलाई किती, शिखर कुठे, वाढीच्या रेषा किती ठळक, रंग कसा. आतले पाय, स्पर्शिका, अंडी, नर-मादी यांचा तपशील फार तर ओझरता येई. चार पानांत अनेक प्रजाती उरकायच्या असताना एकेकीच्या वाट्याला जागा तरी किती येणार? बेअर्डच्या वर्णनाचे बलस्थान एकच, पण ते कायमचे आहे. त्याने नाव आणि ठिकाण एकमेकांना बांधून टाकले. हिस्लॉपी म्हणजे नागपूरचा जीव. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार पुढे कितीही वाद झाले तरी हे नाव ज्या नमुन्यावरून दिले त्या नमुन्याच्याच मागे जाते.

अठ्ठावीस वर्षांनंतर दुसरा मोठा दस्त आला आणि तो नागपूरपासून फार दूर तयार झाला. गेऑर्ग ओसियन सार्स हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ, क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, विद्यापीठात प्राध्यापक. त्यांची युक्ती विलक्षण होती. उष्ण देशांतल्या तळ्यांच्या तळाचा वाळलेला चिखल ते मागवून घेत, काचेच्या भांड्यात पाण्यात भिजवत आणि वाट पाहत. चिखलात दडलेली सुप्त अंडी पाणी लागताच फुटत आणि हजारो मैलांवरचे जीव नॉर्वेच्या हिवाळ्यातही सार्स यांच्या खोलीत पोहू लागत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या ग्रेसमियर तळ्यातल्या चिखलातून उगवलेल्या पाणपिसवांवरचा, म्हणजे डॅफ्नियासारख्या सूक्ष्म कवचधारींवरचा, त्यांचा निबंध 1885 साली आला. त्यातल्या एका डॅफ्नियाला त्यांनी प्रवासी कार्ल लुमहोल्ट्स यांचे नाव दिले आणि ‘डॅफ्निया लुमहोल्ट्झी’ हे नाव आजही चालते.

1887 साली सार्स यांनी ऑस्ट्रेलियन चिखलातूनच वाढवलेल्या एका गोल शिंपेच्या जीवावर स्वतंत्र निबंध लिहिला. 65 पाने आणि 8 चित्रपट्टे, एका प्रजातीसाठी. त्यांनी हा जीव बेअर्डच्या हिस्लॉपीशी एकच मानला, मात्र तो एस्थेरिया वंशात बसत नाही हे ओळखून त्याच्यासाठी ‘सायक्लेस्थेरिया’ हा नवा वंश उभा केला. तेव्हापासून नाव झाले सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी आणि पुढे कंसात बेअर्ड. नामकरणाच्या शिस्तीत हा कंस एवढेच सांगतो, की पहिल्या लेखकाने हा जीव वेगळ्या वंशात ठेवला होता.

सार्स यांचे काम आजही वाचावे असे आहे. त्यांना जीव जिवंत दिसत होता, पिढ्यांमागून पिढ्या दिसत होत्या. मादी आपली पिल्ले कवचाखाली पाठीवर जपते, ती पिल्ले मोकळ्या पाण्यात अळीच्या रूपात न जाता आईसारखी छोटी होऊनच बाहेर पडतात, हे त्यांनी नोंदवले. इतर क्लॅम श्रिम्पांत अंड्यातून पोहणारी अळी निघते, इथे तो टप्पा आईच्या कवचाखालीच उरकतो. सुप्त अंड्यांना टाकलेल्या कवचाचे आवरण मिळते, ही गोष्ट पाणपिसवांच्या सुप्त अंड्यांच्या पिशवीची आठवण करून देणारी होती. क्लॅम श्रिम्प आणि पाणपिसू यांच्या मधोमध उभा असलेला हा जीव आहे, ही जाणीव प्राणिशास्त्राला सार्स यांच्या चित्रांमुळे झाली.

पण दोन्ही दस्त एकमेकांसमोर ठेवले की त्यांतली फट दिसते. नाव नागपूरचे होते, शरीर ऑस्ट्रेलियाचे. पुढच्या प्रत्येक अभ्यासकाने ‘हिस्लॉपी कसा असतो’ हे पाहण्यासाठी सार्सचे चित्रपट्टे उघडले, बेअर्डची चार पाने नव्हेत. चित्रे इतकी सुंदर आणि पुरी होती, की दुसरे काही उघडण्याची गरज कोणाला वाटली नसावी. त्यात सार्स यांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. कवचाकडे पाहून नागपूर आणि क्वीन्सलँड यांत फरक सांगता येत नव्हता आणि अंडी धुळीबरोबर, पक्ष्यांच्या पायांबरोबर दूर जाऊ शकतात हे तेव्हाही माहीत होते. एका प्रजातीने उष्ण पट्टा व्यापला आहे, हा निष्कर्ष त्या पुराव्यावर वावगा नव्हता.

विसावे शतक या निष्कर्षाला दुजोरे देण्यात गेले. हंगेरीच्या येन्यो दादाय यांचा क्लॅम श्रिम्पांवरचा बहुखंडी प्रबंध आला. भारतात, श्रीलंकेत, आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, कोलंबियात नोंदी वाढत गेल्या. शतक उलटल्यावरही, 2003 साली, आग्नेय आशियातल्या नव्या नोंदींवर एक टिपण प्रसिद्ध झाले. सगळीकडे एकच नाव. नर इतके दुर्मिळ, की त्यांच्या बाह्यरूपाचा सविस्तर अभ्यास यॉर्गन ओलेसन, जोएल मार्टिन आणि एवाल्ड रोसलर यांनी 1996 साली केला तोच मोलाचा ठरला. त्यात एक खूण उघड झाली. इतर बहुतेक क्लॅम श्रिम्पांत मादीला धरून ठेवण्यासाठी नराच्या पुढच्या दोन पायजोड्या आकड्यांसारख्या बदललेल्या असतात, सायक्लेस्थेरियात फक्त पहिलीच. पाणपिसवांतही तसेच. शरीराच्या खुणा पुन्हा एकदा त्याच नात्याकडे बोट दाखवत होत्या.

हे नाते जनुकांनीही मान्य केले. डेरेक टेलर, टेरेसा क्रीझ आणि वेस्ली ब्राउन यांनी 1999 साली रॉयल सोसायटीच्या इतिवृत्तात असे मांडले, की कधी नराशिवाय तर कधी नरासह पुनरुत्पादन करण्याची ही आलटून-पालटून चालणारी रीत या गटात एकदाच उगम पावली आणि सायक्लेस्थेरिया व सर्व पाणपिसवा मिळून एक जुनी, दीर्घायुषी शाखा बनते. पाणी भरपूर असताना माद्या नराविना माद्यांनाच जन्म देत राहतात. पाणी आटू लागले, दिवस पालटले की नर दिसतात आणि सुप्त अंडी तयार होतात. नागपूरच्या तळ्यातला हा दाणा आता जगभरच्या पाणपिसवांचा सर्वांत जवळचा हयात भाऊबंद ठरला. पाणपिसवांच्या सहाशेहून अधिक प्रजाती आणि त्यांच्या या भावाची मात्र एकच, असे चित्र तयार झाले. ते चित्रच जरा संशयास्पद होते.

2013 साली ‘मॉलेक्युलर फायलोजेनेटिक्स अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात मार्टिन श्वेंटनर, सायमन क्लाव्हिए, मार्टिन फ्रिच, यॉर्गन ओलेसन, समीर पाध्ये, ब्रायन टिम्स आणि स्टेफान रिश्टर यांचा निबंध आला. त्यांनी प्रश्न नेमका विचारला: सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी खरोखर साऱ्या उष्ण पट्ट्यात पसरलेली एकच प्रजाती आहे का? नमुने दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गियानाचे, आशियातल्या भारत, इंडोनेशिया आणि सिंगापूरचे, तसेच ऑस्ट्रेलियातल्या अनेक ठिकाणांचे. लेखकांच्या यादीतले समीर पाध्ये हे नाव महाराष्ट्रातल्या वाचकाने लक्षात ठेवावे. पश्चिम घाटातल्या आणि पठारावरच्या डबक्यांतल्या सूक्ष्म कवचधारींचा त्यांनी पुण्यातून चिकाटीने अभ्यास केला आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या पाणपिसवांच्या प्रजातींचा आढावा आंरी ड्युमाँ यांच्यासह त्यांनीच घेतला. ज्या प्रांतातून 1859 साली नमुना फक्त बाहेर गेला, त्या प्रांतातला संशोधक आता निष्कर्षाचा सहलेखक आहे, हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

त्यांनी तीन जनुके वाचली. पहिले सीओआय, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातले. प्राण्यांच्या ओळखीसाठी हाच तुकडा वापरावा, असे पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी 2003 साली सुचवले होते आणि तेव्हापासून तो जगभर वापरात आहे. हा तुकडा झपाट्याने बदलतो, म्हणून जवळच्या प्रजातींतला फरकही पकडतो. परंतु त्याच्यावर एकट्यावर विसंबणे धोक्याचे. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. कधीकाळी झालेल्या संकरात एका प्रजातीचे मायटोकॉन्ड्रिया दुसरीत जाऊन बसू शकतात. कधी त्याच तुकड्याची निकामी प्रत केंद्रकात शिरते आणि चुकून तीच वाचली जाते. म्हणून दुसरी दोन जनुके केंद्रकातली घेतली: प्रथिने जुळवण्याच्या कामात भाग घेणारे ईएफ-1 अल्फा आणि रायबोसोमच्या घडणीतले 28एस. ही दोन्ही संथ गतीने बदलतात आणि आई-बाप दोघांकडून येतात.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. एका बखरीवर इतिहास रचू नये, स्वतंत्रपणे लिहिल्या गेलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या कागदाशी ताडून पाहावा, हाच तो नियम. तिन्ही जनुकांनी एकच साक्ष दिली. खंडाखंडांतल्या नमुन्यांमध्ये सीओआयमध्ये 13 टक्क्यांहून अधिक, ईएफ-1 अल्फामध्ये 3 टक्क्यांहून अधिक आणि 28एसमध्ये 4 टक्क्यांहून अधिक अक्षरे वेगळी निघाली. तुलनेसाठी सांगायचे तर हेबर्ट यांच्या गटाने एकाच वंशातल्या दोन वेगवेगळ्या प्रजातींची हजारो जोड्यांत तुलना केली, तेव्हा सीओआयमधला सरासरी फरक 11 टक्क्यांच्या आसपास आला होता. सायक्लेस्थेरियातली तफावत त्याहूनही मोठी आहे. संथ जनुकांतले तीन-चार टक्के तर अधिकच बोलके आहेत, कारण तिथे इतका फरक साठायला अतिदीर्घ काळ लागतो.

निष्कर्ष असा, की प्रत्येक खंडाची निदान एक स्वतंत्र प्रजाती आहे. एकट्या ऑस्ट्रेलियात चार मुख्य शाखा मिळाल्या आणि त्या दोन ते तीन प्रजातींच्या असाव्यात असे लेखकांनी मानले.

काळाचा अंदाज त्यांनी दोन वेगळ्या वाटांनी घेतला. एका वाटेने या गटातल्या वय ठाऊक असलेल्या जीवाश्मांचा आधार घेऊन शाखांचे वय मोजले. दुसऱ्या वाटेने सीओआय दर दहा लाख वर्षांत 1.4 टक्के बदलतो असे धरून. दोन्ही वाटा क्रिटेशस काळात पोचल्या, म्हणजे साडेचौदा कोटी ते 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या काळात. तेव्हा दक्षिण अमेरिकेची शाखा आशिया-ऑस्ट्रेलियाच्या शाखेपासून फुटली. आशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्या शाखा त्यानंतरच्या पॅलिओजीन काळात वेगळ्या होत गेल्या. आजच्या विस्ताराचे स्पष्टीकरण लेखक दोन गोष्टींच्या मेळातून देतात: गोंडवन या दक्षिणेकडील प्राचीन महाखंडाचे तुकडे होणे आणि पुढे, मायोसीन काळाच्या सुरुवातीला आशिया व ऑस्ट्रेलिया जवळ आल्यावर झालेला प्रसार. जनुकांच्या घड्याळाला चूकभूल मोठी असते, त्यामुळे काही लाख वर्षांचा हिशेब इथे मागू नये. पण क्रिटेशस की कालपरवा, एवढा फरक ते खात्रीने सांगू शकते.

हा काळ नागपूरच्या दगडाशीही ताडून पाहता येतो. दख्खनचा लाव्हा क्रिटेशसच्या अखेरीस, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिला. टाकळीचा गाळ लाव्हाच्या थरांमधला. हिस्लॉप टाकळीच्या ज्या दगडातल्या शिंपा फोडून काढत होते, त्या शिंपांतले जीव पोहत होते त्याच्याही आधी हिस्लॉप यांच्या नावाच्या जीवाच्या वंशात बहुधा फाटाफूट झालेली होती. आणि इतक्या काळात त्याचे रूप जवळपास बदललेच नाही. त्याचे भाऊबंद असलेल्या पाणपिसवांनी मात्र तळी, समुद्र, शेवाळ, भूजल सगळे व्यापून शेकडो आकार घेतले. एकाच घरातल्या दोन शाखांचे नशीब असे वेगळे का झाले, हा त्या निबंधातून निघणारा सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि सायक्लेस्थेरियाची उत्क्रांती अधिक समजली तर पाणपिसवांचे यश समजायला मदत होऊ शकेल, असे लेखकांनीही म्हटले आहे.

आता नावाचा हिशेब. जुने कागद पुन्हा वाचले पाहिजेत ते इथे. हिस्लॉपी हे नाव नागपूरच्या नमुन्यावर असल्यामुळे ते भारतातल्या शाखेकडेच राहते. मग सार्स यांची 65 पाने आणि 8 चित्रपट्टे कोणाचे? ऑस्ट्रेलियातल्या कोणत्यातरी शाखेचे, आणि बहुधा नागपूरच्या प्रजातीचे नव्हे. पाठ्यपुस्तकांतून हिस्लॉपी म्हणून छापले जाणारे अनेक तपशील त्या चित्रांतून आले आहेत. कोलंबियातल्या जीवांवरून लिहिलेले तपशीलही त्याच नावाखाली जमा आहेत. या निबंधांची निरीक्षणे खोटी ठरत नाहीत. ज्याने जे पाहिले ते खरेच पाहिले. बदलतो तो पत्ता. यापुढे हिस्लॉपीविषयीचे कोणतेही जुने विधान उद्धृत करताना ते कोणत्या खंडातल्या तळ्याविषयी आहे, हे सोबत लिहिणे आवश्यक आहे. ही शिस्त नाममात्र नाही. मादी किती पिल्ले देते, किती तापमान सोसते, सुप्त अंडी किती वर्षे टिकतात, अशा प्रत्येक आकड्याला आता मालक शोधावा लागेल.

जनुकांनी शरीररचनेला निकामी केले, असा अर्थ काही जण काढतात, तो मला पटत नाही. श्वेंटनर आणि सहकाऱ्यांनी त्या निबंधात नव्या प्रजातींना नावे दिली नाहीत, आणि त्यांचा संयम योग्य होता. नाव द्यायचे तर नमुना जपून ठेवावा लागतो, त्याचे वर्णन करावे लागते, इतरांहून तो कसा वेगळा ते सांगावे लागते. कवचाने काही सांगितले नाही म्हणून पुच्छखंडावरचे काटे, नराचा आकडा, स्पर्शिकेवरचे केस, सुप्त अंड्यांच्या आवरणाची ठेवण यांनी काही सांगायचे नाही, असे ठरत नाही. जनुकांनी वेगळे केलेले गट हाती घेऊन पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बसले, की कुठे पाहायचे ते कळते. सार्स यांच्याकडे ती यादी नव्हती, आज ती आहे. शिवाय 2013च्या नमुन्यांत आफ्रिका नव्हती. तिथल्या तळ्यांतला जीव कोणत्या शाखेचा आहे, यावर गोंडवनाची सगळी मांडणी पक्की होणे किंवा बदलणे अवलंबून आहे.

आणि नागपूर. नावाचा न्याय करायचा तर साक्ष मूळ गावची हवी. बेअर्डच्या शीर्षकात फक्त नागपूर आहे, पण शहराचे जुने नकाशे आपल्याला मदत करतात. अंबाझरीला आजचे रूप 1870च्या सुमारास पाणीपुरवठ्याच्या कामात मिळाले, म्हणजे हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर. गोंड राजवटीपासूनचा जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, आणि भोसलेकालीन तळी मात्र त्यांच्या पायवाटेवर होती. त्यातली काही आटली, काही बुजली, काहींच्या काठावर काँक्रीट आले. सुप्त अंडी तळाच्या गाळात वर्षानुवर्षे टिकून राहू शकतात, म्हणून सुशोभीकरणाच्या नावाखाली तळ्यातला गाळ एकदम उपसून ट्रकने लांब टाकला जातो तेव्हा पाण्याबरोबर हा दस्तही नाहीसा होतो. गाळ काढण्याआधी त्याचे थोडे नमुने वाळवून, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवणे हे एखाद्या महाविद्यालयाला सहज जमेल असे काम आहे.

नागपूर, वर्धा, चंद्रपूर भागातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. पावसाळा ओसरताना, पाण्यात वनस्पती वाढलेल्या असतात तेव्हा, जुन्या तळ्यांच्या काठाशी बारीक जाळी फिरवा. गोल, पारदर्शक, पिवळसर शिंपांचा जीव दिसला तर त्याला फॉर्मलिनमध्ये टाकू नका, फॉर्मलिनने डीएनएची नासाडी होते; तीव्र इथाइल अल्कोहोलमध्ये ठेवा. तळ्याचे नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याची स्थिती पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आतच घाला. एक संच भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाकडे द्या, त्याचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नर सापडला तर त्याची बाटली वेगळी करा आणि चिठ्ठीवर तसे ठळक लिहा.